पाच डॉलर, एक सही आणि दुसरी पसंती

पदवीधर मतदारसंघात पहिल्यांदा मत द्यायला गेले, तेव्हा टेबलामागच्या बाईंनी मतपत्रिकेबरोबर जांभळ्या शाईचं स्केचपेन हातात दिलं आणि बजावलं, "ह्याच पेनानं. फुली नको, टिक नको, आकडे घाला." मला जो उमेदवार हवा होता त्याच्यापुढे मी १ लिहिला आणि पेन हातात धरून उभी राहिले. दुसरा कोण? विधानसभेला, लोकसभेला बटण एकदाच दाबायचं असतं. पहिला नाही तर कोण, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

हा दुसरा आकडा कशासाठी असतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेही अमेरिकेतल्या मेन नावाच्या लहानशा राज्याची हकिगत वाचताना. तिथल्या साध्या माणसांनी हा दुसरा आकडा मिळवण्यासाठी हिमवर्षावात उभं राहून सह्या गोळा केल्या होत्या. त्याच राज्यात, तशाच माणसांनी शेतात मुरलेल्या विषारी रसायनांवर कायदा करून घेतला. ही दोन कामं वेगळी दिसतात, पण मला ती एकाच दोरीची दोन टोकं वाटतात. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

मेन हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं राज्य. जंगल, नद्या, समुद्रकिनारा. लोकसंख्या साधारण साडेतेरा लाख, म्हणजे पुणे शहराच्या निम्मीही नाही. तरी कनिष्ठ सभागृहात १५१ आमदार. हिशेब केला तर एका आमदाराच्या वाट्याला जेमतेम ९ हजार माणसं येतात. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्याकडे एका आमदारामागे जवळजवळ ३ लाख ९० हजार माणसं पडतात. मेनमध्ये आमदार किराणा घ्यायला येतो तेव्हा गाठ पडते. पुढचं सगळं वाचताना हे प्रमाण लक्षात असू द्या.

तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडतात आणि कारभार तोच चालवतो, म्हणजे कामाच्या दृष्टीनं तो आपला मुख्यमंत्रीच. २०१० साली या पदासाठी तिरंगी लढत झाली. रिपब्लिकन पक्षाच्या पॉल लपाज यांना शंभरातली सुमारे ३८ मतं पडली, एका अपक्षाला ३६ आणि डेमोक्रॅटिक उमेदवाराला १९. लपाज निवडून आले. ज्या १९ जणांनी तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मत दिलं, त्यांची दुसरी पसंती कोण होती? कुणालाच माहीत नाही, कारण मतपत्रिकेनं त्यांना ते विचारलं नव्हतं.

हा एका पक्षाचा किंवा एका माणसाचा दोष नव्हता. १९७४ ते २०१४ या काळात गव्हर्नरपदाच्या ११ निवडणुका झाल्या. त्यातल्या ९ वेळा जिंकणाऱ्याला निम्मी मतंही नव्हती आणि ५ वेळा तर ४० टक्केसुद्धा नव्हती. त्यात दोन्ही पक्षांचे लोक होते, अपक्षही होते. आपल्याकडे याला आपण 'मतविभागणी' म्हणतो. 'तो उभा राहिलाय मतं खायला', 'त्याला मत म्हणजे वाया', हे प्रत्येक चावडीवर ऐकू येतं. मतदार मनातल्या माणसाला सोडून 'जिंकू शकेल' अशाला मत देतो, आणि नवा उमेदवार, नवा पक्ष उभाच राहू शकत नाही.

दुसरी पसंती यावरचा उपाय. आधी सगळ्यांची पहिली पसंती मोजायची. कुणाला निम्म्याहून जास्त मतं असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक मतपत्रिकेवर दुसरा आकडा कुणापुढे आहे ते पाहून ती त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात टाकायची. कुणी तरी निम्म्यापुढे जाईपर्यंत हे चालू ठेवायचं. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक पसंतीक्रमानंच होते. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या निकालाला म्हणूनच रात्र रात्र लागते, आणि वर्तमानपत्रात 'दुसऱ्या पसंतीच्या मतांवर विजयी' असं छापून येतं. पद्धत आपल्याला परकी नाही, फक्त ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

मेनमध्ये सुरुवात छोटी झाली. पोर्टलंड शहरानं २०११ मध्ये महापौर या पद्धतीनं निवडला. तब्बल १५ उमेदवार होते, तरी लोकांना आकडे घालणं जड गेलं नाही. मग राज्यासाठी ही पद्धत आणायचं ठरलं. पण जे जुन्या पद्धतीनं निवडून आले, ते ती पद्धत स्वतःहून कशाला बदलतील?

इथे मेनच्या लोकांच्या हातात एक हत्यार आहे. १९०८ साली त्यांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून दोन हक्क मिळवले. एक, ठरावीक संख्येनं सह्या जमवल्या तर लोक स्वतः कायद्याचा मसुदा मांडू शकतात. विधिमंडळानं तो जसाच्या तसा मंजूर केला नाही तर त्यावर सगळ्या राज्याचं मतदान होतं. दोन, विधिमंडळानं केलेला कायदा नको असेल तर अधिवेशन संपल्यावर ९० दिवसांत सह्या जमवून तो रोखता येतो आणि मग त्याचा निकाल मतदार लावतात. याला तिथे 'लोकांचा नकाराधिकार' म्हणतात.

हे परदेशी वाटत असेल तर आपली आडवी बाटली आठवा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की दारूच्या दुकानावर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडव्या बाटलीच्या बाजूनं गेल्या की दुकान बंद. गोव्यानंही १६ जानेवारी १९६७ ला फूल की दोन पानं, असा जनमत कौल दिला होता. पण तो सरकारनं घेतला होता. आडवी बाटली बाया स्वतः मागून घेतात. मेनमध्ये तेच राज्याच्या पातळीवर, कोणत्याही कायद्यासाठी करता येतं.

सह्या जमवणं म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून बघू या, कारण सगळी चळवळ त्या कागदावर उभी असते. सही म्हणजे मोबाईलवर अंगठा दाबणं नव्हे. मतदारानं स्वतःच्या हातानं सही करायची, खाली नाव, पत्ता, तारीख. प्रत्येक सही आपल्या डोळ्यांदेखत झाली, अशी शपथ सह्या घेणाऱ्यानं नोटरीपुढे घ्यायची. मग कागद त्या त्या गावाच्या कारकुनाकडे जातो. तो एकेक नाव मतदारयादीशी ताडून बघतो, दुबार आलेलं, यादीत नसलेलं नाव काढून टाकतो. राज्यात गावं नि शहरं मिळून पाचशेच्या आसपास आहेत, म्हणून स्वयंसेवक गावागणिक वेगळा कागद ठेवतात. तिथून सगळे कागद राजधानी ऑगस्टाला. किती सह्या लागतात? गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत झालेल्या मतांच्या १० टक्के. बाद होणाऱ्या सह्या धरून त्याहून बऱ्याच जास्त जमवाव्या लागतात. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल मांडून सह्या घ्यायला तिथे परवानगी आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये लोकांनी नेमकं तेच केलं आणि एका दिवसात हजारो सह्या मिळवल्या.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पसंतीक्रमाचा कायदा ५२ टक्के मतांनी मंजूर झाला. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खरी ती इथून सुरू झाली.

मे २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सल्ला दिला, की गव्हर्नर आणि राज्याच्या आमदारांच्या अंतिम निवडणुकीत ही पद्धत घटनेत बसत नाही. कारण घटनेत 'सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी' असं लिहिलेलं आहे. हे शब्द तिथे कसे आले ती हकिगत मोठी आहे. १८७९ पर्यंत मेनमध्ये गव्हर्नरला निम्म्याहून जास्त मतं लागत. न मिळाल्यास निवड विधिमंडळ करी. त्या वर्षी कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत, विधिमंडळ नेमकं कुणाचं यावरच भांडण पेटलं आणि हत्यारबंद माणसं राजधानी ऑगस्टामध्ये जमली. अमेरिकेच्या यादवी युद्धात नाव कमावलेले जोशुआ चेंबरलेन यांनी त्या दिवसांत शांतता राखली. तसं पुन्हा होऊ नये म्हणून १८८० मध्ये घटना बदलून 'सर्वाधिक मतं' हा सोपा नियम आणला. एका पिढीनं रक्तपात टाळायला केलेली तरतूद जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी दुसऱ्या पिढीच्या आड आली. न्यायालयाचं मत मला चुकीचं वाटत नाही. घटनेत जे लिहिलंय तेच त्यांनी वाचलं.

पण त्या निकालाचा आधार घेऊन विधिमंडळानं ऑक्टोबर २०१७ मध्ये जे केलं ते मला पटत नाही. घटनेचा अडथळा फक्त राज्यातल्या पदांच्या अंतिम निवडणुकीपुरता होता. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुका आणि अमेरिकी संसदेच्या जागा यांना तो लागू नव्हता. तरी विधिमंडळानं सगळीच पद्धत पुढे ढकलली, आणि ठरल्या मुदतीत घटनादुरुस्ती झाली नाही तर कायदा आपोआप रद्द, असं कलम घातलं. लोकांनी मंजूर केलेला कायदा वर्षभरात असा गुंडाळला.

मग लोकांनी दुसरं हत्यार काढलं, नकाराधिकार. मुदत ९० दिवसांची, आणि ते दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. मेनमधला जानेवारी म्हणजे पारा शून्याच्या बराच खाली, दुकानांपुढे बर्फाचे ढीग. हातमोजा काढल्याशिवाय सही होत नाही, आणि हातमोजा काढायला कुणी तयार नसतं. लागणार होत्या ६१,१२३ सह्या. त्यांनी ८० हजारांहून अधिक दिल्या आणि पडताळणीनंतरही पुरेशा उरल्या. त्यामुळे पुढे ढकलण्याचा कायदाच थांबला. जून २०१८ मध्ये एक गमतीचा योग जुळला. मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत १, २, ३ अशी पसंती दिली आणि त्याच दिवशी ही पद्धत ठेवायची का, यावरही मत दिलं. सुमारे ५४ टक्क्यांनी ती राखली. दोन वर्षांत पाठिंबा कमी होण्याऐवजी वाढला होता.

त्याच नोव्हेंबरात पद्धतीचा कस लागला. अमेरिकी संसदेच्या मेनमधल्या क्रमांक दोनच्या मतदारसंघात पहिल्या फेरीत ब्रूस पोलिक्विन यांना १,३४,१८४ आणि जॅरेड गोल्डन यांना १,३२,०१३ मतं पडली. म्हणजे पोलिक्विन २,१७१ मतांनी पुढे, पण निम्म्याच्या खाली. दोन अपक्षांना मिळून २३ हजारांच्या वर मतं होती. ते बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली आणि गोल्डन ३,५०९ मतांनी निवडून आले. पोलिक्विन न्यायालयात गेले, तिथे हरले. मावळते गव्हर्नर लपाज यांनी निकालाच्या प्रमाणपत्रावर सही करताना 'चोरलेली निवडणूक' असं लिहिलं. टीकाकारांचा एक मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. आठ हजारांहून अधिक मतपत्रिकांवर उरलेल्या दोघांपैकी कुणालाच आकडा नव्हता, त्यामुळे त्या शेवटच्या फेरीत मोजल्या गेल्या नाहीत. हे खरं आहे. पण जुन्या पद्धतीत त्या २३ हजारांपैकी एकाच्याही दुसऱ्या पसंतीला किंमत नव्हती. मला कुठला तोटा लहान वाटतो ते उघड आहे.

सगळीकडे असं झालं नाही. अलास्कानं २०२० मध्ये ही पद्धत आणली, पण २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ऑरेगनच्या मतदारांनी अशा प्रस्तावांना नकार दिला. फ्लोरिडा आणि टेनेसीनं तर कायद्यानंच बंदी घातली.

आता पाच डॉलरची गोष्ट. मेनच्या मतदारांनी १९९६ मध्येच, तेही सह्यांच्या मार्गानं, निवडणुकीसाठी सार्वजनिक निधीचा कायदा केला होता. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवारानं आपल्या मतदारसंघातल्या किमान ६० मतदारांकडून प्रत्येकी ५ डॉलर आणायचे. हे ५ डॉलर त्याच्या खिशात जात नाहीत, राज्याच्या निधीत जातात. ही त्याला लोकांचा पाठिंबा आहे याची खूण. मग प्रचाराचा खर्च राज्य देतं, आणि त्यानं बड्या देणगीदारांकडून पैसा घ्यायचा नाही. शाळेतली बाई, मच्छीमार, परिचारिका, कुणीही उभं राहू शकतं. ज्याला साठ दारं ठोठवावी लागतात, त्याला साठ घरांची दुखणी ऐकावीच लागतात.

मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवून मत देता येण्याची सोयही तिथे १९७३ पासून आहे. २०११ मध्ये विधिमंडळानं ती काढली आणि त्याच नोव्हेंबरात लोकांनी नकाराधिकार वापरून सुमारे ६० टक्के मतांनी परत आणली. मेनमध्ये तुरुंगातल्या कैद्यांनाही मत देता येतं. अमेरिकेत असं राज्य दुसरं एकच, व्हरमाँट. आपल्याकडे कैद्याला मत नाही.

आता दोरीचं दुसरं टोक. मेनच्या शेतांत वर्षानुवर्षं सांडपाणी प्रकल्पातला गाळ खत म्हणून पसरला जात होता. सरकारी परवानगीनं, फुकट मिळणारं, मातीला चांगलं म्हणून शेतकऱ्यांनी घेतलं. त्या गाळात पीफास नावाची रसायनं होती. न चिकटणारे तवे, पाणी न शोषणारे कपडे, तेलकट खाण्याचे कागद यांत ती वापरतात. कार्बन आणि फ्लोरिनचा त्यांतला बंध इतका घट्ट असतो, की ती मातीत कुजत नाहीत, पाण्यात विरून नाहीशी होत नाहीत. २०१६ मध्ये अरंडेल गावातल्या एका गोठ्याच्या विहिरीत आणि दुधात ती सापडली. चक्र सरळ होतं: गाळ जमिनीत, जमिनीतून गवतात, गवतातून गायीत, गायीतून दुधात. पिढ्यान् पिढ्या चाललेला दुधाचा धंदा बसला. २०२० मध्ये फेअरफील्ड भागातल्या दुसऱ्या एका गोठ्यात याहूनही जास्त प्रमाण आढळलं.

हे शेतकरी राजधानी ऑगस्टाला गेले. तिथे विधेयकावर जाहीर सुनावणी होते आणि कुणीही समितीपुढे उभं राहून बोलू शकतं, साधारण तीन मिनिटं. बोलणाऱ्यांचे तीन गट असतात: बाजूनं, विरोधात, आणि 'ना बाजूनं ना विरोधात'. मला हा तिसरा गट फार आवडतो. ज्याला नुसती माहिती द्यायची आहे त्याच्यासाठी तिथे मानाची जागा आहे. आपल्या गायी का माराव्या लागल्या, हे शेतकऱ्यानं तीन मिनिटांत सांगायचं, आणि ऐकणारा आमदार ९ हजार माणसांचा प्रतिनिधी, कदाचित त्याच गावचा. जुलै २०२१ मध्ये मेननं कायदा केला, की टाळता येत नाही तेवढे अपवाद सोडून, मुद्दाम पीफास घातलेली कोणतीही वस्तू २०३० पासून राज्यात विकायची नाही. अशी सरसकट बंदी घालणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. २०२२ मध्ये शेतात गाळ पसरण्यावरही बंदी आली आणि झळ बसलेल्या शेतकऱ्यांसाठी ६ कोटी डॉलरचा निधी उभा राहिला.

हाच लोकांचा जोर दाखवणारं जुनं उदाहरणही आहे. बाटल्या नि डब्यांवर ५ सेंट अनामत घ्यायची आणि रिकामी बाटली आणून दिली की परत करायची, हा कायदा मेनच्या मतदारांनी १९७६ मध्ये मंजूर केला; १९७८ पासून तो चालू आहे. २०२१ मध्ये आवेष्टनाच्या कचऱ्याचा खर्च माल बनवणाऱ्या कंपन्यांनी उचलावा, असा कायदा करणारंही मेन हेच पहिलं राज्य.

मात्र पीफासच्या कायद्यावर उद्योगांचा रेटा होताच, आणि २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन बऱ्याच वस्तूंची मुदत २०३२ पर्यंत गेली, काहींना सूट मिळाली. कायदा झाला त्या दिवशी ढोल वाजवून घरी गेलेल्यांना हे कळतही नाही.

लोकांचं मत आणि निकाल यांच्यामध्ये किती भिंती असू शकतात, हे वीजवाहिनीच्या लढ्यात सगळ्यांत स्पष्ट दिसलं. कॅनडातल्या क्वेबेकची जलविद्युत मेनच्या जंगलातून मॅसॅच्युसेट्सला न्यायची योजना होती. वाहिनी सुमारे २३३ किलोमीटर, त्यातले ८५ किलोमीटर नव्यानं जंगल कापून. पर्यावरणवाले यात दुभंगले. काहींना कोळसा-गॅसऐवजी जलविद्युत हवी होती, काहींना जंगल वाचवायचं होतं. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसं होती, पण पैसाही होता. क्वेबेक सरकारच्या मालकीच्या वीज कंपनीनं वाहिनीच्या बाजूनं प्रचारात पैसा ओतला, तर जिच्यामुळे आपल्या धंद्याला झळ बसेल असं वाटणाऱ्या वीज कंपन्यांनी विरोधात. दोन्हीकडचा मिळून खर्च ९ कोटी डॉलरच्या वर गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ५९ टक्के मतदारांनी वाहिनी नाकारली. तरी २०२२ मध्ये न्यायालयानं म्हटलं, की परवाने घेऊन सद्भावनेनं काम बरंच पुढे नेलेलं असेल, तर मागच्या तारखेनं बंदी घालता येत नाही. २०२३ मध्ये ज्युरीनं कंपनीच्या बाजूनं कौल दिला आणि काम पुन्हा सुरू झालं.

त्यातून लोकांनी मतदानाचेच नियम पुन्हा हाती घेतले. परक्या सरकारांना आणि त्यांच्या मालकीच्या कंपन्यांना मेनच्या निवडणुकीत पैसा खर्च करायला बंदी, हा प्रस्ताव नोव्हेंबर २०२३ मध्ये ८६ टक्के मतांनी मंजूर झाला. आणि २०२४ च्या सुरुवातीलाच केंद्रीय न्यायालयानं अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्याची अंमलबजावणी थांबवली. जंगलाचा प्रश्न पैशाच्या प्रश्नापाशी आला, पैशाचा प्रश्न मतपत्रिकेपाशी, आणि मतपत्रिका पुन्हा न्यायालयापाशी. एकच दोरी म्हणते ती याच अर्थानं.

सह्यांच्या मार्गानं मेनमध्ये कायदा करता येतो, घटना बदलता येत नाही. त्यासाठी विधिमंडळात दोन-तृतीयांश मतं आणि नंतर जनतेचा कौल लागतो. ती दोन-तृतीयांश मतं जमली नाहीत. त्यामुळे मेनचा मतदार आज राष्ट्राध्यक्षासाठी १, २, ३ अशी पसंती देऊ शकतो. पण ज्या पदावरून २०१० साली हे सगळं सुरू झालं, त्या गव्हर्नरच्या २०१८ आणि २०२२ च्या अंतिम निवडणुका जुन्याच पद्धतीनं झाल्या. त्याच मतदान केंद्रात, त्याच दिवशी, एका पदासाठी दुसरी पसंती विचारली गेली आणि दुसऱ्या पदासाठी नाही.